संगणक ‘गेला’ असे म्हणण्यापूर्वी

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आता इतके जुने झाले आहे की ते लिहिताना थोडा संकोच वाटतो. तथापि अमरावती-अकोला परिसरात वावरताना एक गोष्ट आम्हाला सतत जाणवते. घराघरांत मोबाईल आला, हे खरे. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, जातवैधतेची कागदपत्रे अपलोड करणे, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म, टंकलेखनाचा सराव, महाविद्यालयातील प्रकल्पाचा अहवाल, ही कामे आजही टेबलावरच्या संगणकावरच सुखाने होतात. म्हणूनच वस्तीतील अभ्यासिकेत कुणी भेट दिलेला, नाहीतर वर्गणी काढून घेतलेला एखादा संगणक असतो. तो बहुधा एकच असतो. तो बंद पडला की सगळ्या मुलांचे काम अडते, आणि तेही नेमके अर्जाची मुदत संपत आली असताना.

आम्ही संगणक अभियंते नाही. आमचे शिक्षण कला शाखेचे आणि नोकरी बँकेतील लिपिकाची. परंतु यंत्र बंद पडल्यावर माणसे काय काय करतात, हे काउंटरच्या आतून आणि बाहेरून आम्ही पुष्कळ पाहिले आहे. बहुतेक माणसे दोनच गोष्टी करतात. बटण पुन्हा पुन्हा दाबतात, आणि नंतर ‘मदरबोर्ड गेला’ असे जाहीर करतात. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एकाच बिघाडाचा विचार करणार आहोत, की ज्यात मदरबोर्ड गेलेला नसतो, मेमरी जळालेली नसते, आणि तरीही संगणक सुरू होत नाही. मेमरीची म्हणजे रॅमची सेटिंग बदलल्यानंतर होणारा हा बिघाड आहे. अलीकडे त्याचे प्रमाण वाढलेले दिसते, कारण संगणकाचा वेग वाढवण्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आहेत.

प्रथम मेमरी म्हणजे काय ते पाहू. बँकेच्या उदाहरणाने सांगायचे तर हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे लिपिकाचे टेबल. काम करताना कपाटातील कागद टेबलावर मांडावे लागतात. टेबल मोठे असेल तर कामे भराभर होतात, आणि संध्याकाळी, म्हणजे संगणक बंद केल्यावर, टेबल रिकामे होते. कपाटातील कागदांना काही होत नाही. हा भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण मेमरीच्या सेटिंगमुळे संगणक बंद पडला तरी आपल्या फाईली, फोटो, अहवाल हे सर्व कपाटात सुरक्षित असते. घाबरून जाऊन विंडोज पुन्हा टाकायला सांगणे हाच त्यातला खरा धोका आहे. त्यात मात्र फाईली जाऊ शकतात.

आता सेटिंग म्हणजे काय? मेमरीच्या प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची माहिती लिहिलेली असते, जणू पट्टीचे पासबुकच. ही पट्टी किती क्षमतेची, किती वेगाने चालेल, तिला किती व्होल्ट लागतील, हे संगणक सुरू होताना त्यातून वाचून घेतो. डी.डी.आर.-4 जातीच्या पट्टीला साधारण 1.2 व्होल्ट लागतात आणि डी.डी.आर.-5 ला 1.1 व्होल्ट. दुकानातून आणलेल्या पट्टीवर 3200 असा आकडा छापलेला असतो, म्हणजे दर सेकंदाला 320 कोटी वेळा देवघेव. पण अनेकदा पहिल्यांदा लावल्यावर ती 2133, 2400 किंवा 2666 या ठरावीक वेगानेच चालते. छापलेला वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन ‘एक्स.एम.पी.’ नावाचा पर्याय चालू करावा लागतो. ही सोय इंटेल कंपनीने 2007 साली आणली. ए.एम.डी. कंपनीने डी.डी.आर.-5 साठी 2022 साली ‘एक्स्पो’ या नावाने तशीच सोय आणली. हा पर्याय चालू केला की वेग वाढतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही वाढते, डी.डी.आर.-4 मध्ये ते बहुधा 1.35 पर्यंत जाते.

आमच्या कॅशियर मित्राची नोटा मोजण्याची गती सर्वांना ठाऊक आहे. पण त्यालाही एका मर्यादेपलीकडे घाई करायला लावली तर मोजणी चुकते. मेमरीचे तसेच आहे. पट्टीवर 3200 छापले असले तरी तो वेग प्रोसेसरला आणि मदरबोर्डलाही झेपावा लागतो. दोन पट्ट्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील, किंवा एक जुनी आणि एक नवी असेल, तर त्या दोघींचे जमेलच असे नाही. मोजणी चुकू लागली की संगणक पुढे जात नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच राहतो. काही वेळा यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि तेच चक्र चालू राहते.

येथे वाचक म्हणतील, मग पुन्हा बायोसमध्ये जाऊन सेटिंग पूर्ववत करावी, त्यात काय मोठे? खरी गोम येथेच आहे. बायोसचा पडदा दिसण्यासाठीही आधी मेमरी चालावी लागते. मेमरी चालत नाही म्हणून पडदा दिसत नाही, आणि पडदा दिसत नाही म्हणून सेटिंग बदलता येत नाही. घराला कुलूप लावावे आणि किल्ली घरातच राहावी, अशी ही गत आहे. बरे, प्लग काढून ठेवला तर सेटिंग पुसली जाईल असेही नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, त्यावर सी.आर. 2032 असे लिहिलेले असते. 3 व्होल्टचा हा सेल वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवतो आणि सेटिंग सांभाळतो. त्यामुळे बटण पन्नास वेळा दाबले तरी तीच चुकलेली सेटिंग पन्नास वेळा लागू होते.

ही सेल ठेवण्याची पद्धत तशी जुनी आहे. 1981 साली आय.बी.एम. कंपनीचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला, त्यात मेमरी किती आहे हे संगणकाला सांगण्यासाठी बोर्डवर बारीक बारीक खटके असत. ते हाताने खालीवर करावे लागत. 1984 च्या ‘ए.टी.’ या मॉडेलमध्ये हे खटके बहुतांशी जाऊन घड्याळाच्या चिपमध्ये 64 बाईटची इवलीशी जागा आली आणि ती जपायला बॅटरी आली. खटका चुकला तर डोळ्यांनी दिसत असे. आताची चूक दिसत नाही. सोय वाढली, पण दुरुस्ती थोडी अवघड झाली, असे आमचे मत आहे.

अकोल्यातील एका अभ्यासिकेत घडलेला प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. तेथील एका मुलाने व्हिडिओ पाहून हा पर्याय चालू केला आणि पडदा काळा झाला. मुलगा बिचारा घाबरून सांगू लागला, “मी तं फक्त एक ऑप्शन चालू केला जी काका, बाकी कशालेच हात नाई लावला.” संगणक दुकानात नेला. तेथे पाहून सांगण्यात आले की मदरबोर्ड गेला आहे, आणि इतक्या जुन्या यंत्रासाठी मदरबोर्ड घेण्यापेक्षा नवीनच संगणक घ्यावा. अभ्यासिकेच्या कार्यकर्त्यांनी वर्गणीची यादी काढायला घेतली होती. सुदैवाने महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मदरबोर्डचे माहितीपुस्तक मोबाईलवर उतरवून घेतले, त्यातील आकृती पाहून एक पिन बदलली, आणि दहा मिनिटांत संगणक सुरू झाला. वर्गणीची यादी बाजूला राहिली. दुकानदाराने मुद्दाम खोटे सांगितले असे आम्ही म्हणणार नाही. गर्दीच्या वेळी काळा पडदा पाहून घाईने निदान करणे, हा प्रकार दवाखान्यातही होतो.

त्या मुलीने जे केले ते कोणालाही करता येण्यासारखे आहे. पण त्याआधी एक काम आहे, ते म्हणजे थांबणे. विशेषतः डी.डी.आर.-5 च्या नव्या संगणकात सेटिंग बदलल्यावर यंत्र मेमरीची नव्याने चाचपणी करते, आणि त्यात काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. ही चाचपणी चालू असताना मध्येच प्लग काढला तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि माणसाला वाटते की यंत्र बिघडले. म्हणून नव्या संगणकाला दहा-पंधरा मिनिटे द्यावी. जुन्यांपैकीही बरेच मदरबोर्ड दोन-तीन वेळा प्रयत्न फसल्यावर आपण होऊनच सुरक्षित सेटिंगवर परत येतात.

दुसरे, गाडी कोठे अडते ते पाहावे. आमच्या मते सगळे निदान यावर अवलंबून आहे. पडद्यावर कंपनीचे नाव किंवा चिन्हसुद्धा येत नसेल तर दोष मदरबोर्डच्या सेटिंगचा किंवा पट्टीचा. चिन्ह येऊन पुढे गोल फिरत राहत असेल किंवा निळा पडदा येत असेल, तर दोष विंडोजमधल्या सेटिंगचाही असू शकतो. त्याविषयी पुढे सांगतो. काही मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात, त्यातील मेमरीचा दिवा लागून राहिला की शंका उरत नाही. कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर असेल तर तो पीप-पीप असा आवाज देतो. हे आवाज प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे आपल्या बोर्डच्या माहितीपुस्तकात पाहूनच त्यांचा अर्थ लावावा. आणि हो, मॉनिटरची केबल नीट बसली आहे ना, हेही पाहून घ्यावे.

आता प्रत्यक्ष कृती. संगणक बंद करून प्लग बोर्डातून काढावा. नुसते बटण बंद करून भागणार नाही, कारण आपल्याकडील जुन्या घरांत वायरिंग उलटे-सुलटे असते आणि अर्थिंगही भरवशाचे नसते. मग संगणकाचे चालू करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पेचकस घेऊन कॅबिनेटची बाजू उघडावी. आतील कशालाही हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला स्पर्श करावा. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत नायलॉनचा सदरा काढताना जी चटचट होते, तीच स्थिर वीज चिपला मारक ठरू शकते. वीजपुरवठ्याची जी बंद पेटी असते, ज्याला एस.एम.पी.एस. म्हणतात, ती मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज शिल्लक असू शकते.

मदरबोर्डवर सेलच्या आसपास बहुधा दोन किंवा तीन पिना असतात आणि त्यांच्याजवळ ‘क्लिअर सीमॉस’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे छापलेली असतात. तीन पिना असतील तर पहिल्या-दुसऱ्या पिनेवर एक छोटी टोपी बसवलेली असते. ती काढून दुसऱ्या-तिसऱ्या पिनेवर दहा सेकंद लावावी आणि पुन्हा मूळ जागी बसवावी. मूळ जागी बसवायला विसरू नये. दोनच पिना असतील तर पेचकसाच्या टोकाने दोन्हींना एकदम दहा सेकंद स्पर्श करावा. पिना सापडल्या नाहीत तर सेल हलकेच काढून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बसवावा, छापलेली बाजू वर ठेवून. यंत्र पाच-सात वर्षांचे असेल तर नवाच सेल घालावा. तो पन्नास रुपयांच्या आत मिळतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये एवढ्याने सेटिंग कारखान्यातून आली तशी होते. सर्व लॅपटॉपना मात्र हा उपाय लागू पडत नाही.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला तर पट्ट्यांकडे वळावे. सर्व पट्ट्या काढून एकच पट्टी लावावी. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी खाच बहुधा योग्य असते. एका पट्टीने सुरू झाला नाही तर दुसरी लावून पाहावी, मग खाच बदलून पाहावी. पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते. अर्धवट बसलेली पट्टी हे आमच्या पाहण्यातले फार मोठे कारण आहे. पट्टीच्या सोनेरी कडा काळवंडल्या असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबराने अलगद पुसाव्यात आणि भुगा झटकून टाकावा. आमच्या भागात मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतात, आणि पुष्कळ ठिकाणी संगणक नेमका कूलरच्या झोताखाली ठेवलेला असतो. ओलसर हवा आणि धूळ एकत्र आली की या कडांवर थर बसतो. संगणक कूलरसमोरून हलवावा, ही सूचना आम्ही बँकेतही केली होती. कोणी मनावर घेतले नाही, तो भाग वेगळा.

संगणक सुरू झाल्यावर काम संपले असे समजू नये. सेटिंग पुसली गेली म्हणजे तारीखही पुसली गेली. घड्याळ काही वर्षे मागे गेले असेल तर शासनाची, बँकेची, विद्यापीठाची संकेतस्थळे उघडत नाहीत. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. याचे कारण असे की प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, आणि संगणक ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. मुले समजतात साईट बंद आहे आणि अर्ज राहून जातो. म्हणून सर्वांत आधी तारीख-वेळ बरोबर करावी. प्रत्येक वेळी लाईन गेली की तारीख पुन्हा मागे जात असेल तर सेल संपला आहे असे खुशाल समजावे. ‘आम्ही काहीच बदलले नाही, तरी सेटिंग आपोआप बदलते’ या तक्रारीचेही मूळ बहुधा तोच असतो.

काही संगणकांत सेटिंग पुसल्यावर विंडोज सापडत नाही असा संदेश येतो. अशा वेळी डिस्कची पद्धत किंवा सुरू होण्याची पद्धत बदललेली असते. बायोसमध्ये ती पूर्वीप्रमाणे करावी लागते. म्हणून मेमरीला हात लावण्याआधीच बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. विंडोज 11 असलेल्या अनेक यंत्रांत डिस्क कुलूपबंद असते आणि सेटिंग बदलल्यावर ती 48 अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खाते कोणाच्या नावाने उघडले होते हे अभ्यासिकेत कोणालाच आठवत नाही. ती आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. खऱ्या, लोखंडी कपाटात.

विंडोजमधल्या ज्या सेटिंगचा उल्लेख वर केला, ती आता पाहू. ‘एम.एस. कॉन्फिग’ नावाच्या खिडकीत बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ असा एक चौकोन असतो. तेथे टिक केल्याने सगळी मेमरी वापरली जाऊन संगणक धावू लागतो, असा समज पसरला आहे. वस्तुतः तो चौकोन मेमरी वाढवण्यासाठी नसून कमी करण्यासाठी आहे. तपासणी करणाऱ्यांना कमी मेमरीत काय होते ते पाहता यावे म्हणून तो दिला आहे. त्यात लहान आकडा पडला तर विंडोजला उभे राहायलाच जागा उरत नाही. येथे सेल काढून काही उपयोग नाही, कारण ही सेटिंग डिस्कवर असते. सुरू होताना दोन-तीनदा अडथळा आला की विंडोज दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यातून सेफ मोडमध्ये जाता आले तर ती टिक काढावी. जाता आले नाही तर जाणकाराकडून आज्ञा लिहून ती मर्यादा काढून घ्यावी. त्याला ‘मॅक्सिमम मेमरीची टिक केली होती’ एवढे सांगितले तरी त्याचा अर्धा तास वाचेल.

मग एक्स.एम.पी. चालू करावे की नाही? आमचे स्पष्ट मत असे आहे की अर्ज भरणे, टंकलेखन, अभ्यासाचे व्हिडिओ एवढ्यासाठी तो वेग जाणवतसुद्धा नाही. 4 जी.बी. चे 8 जी.बी. केले, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एस.एस.डी. बसवली, तर फरक डोळ्यांना दिसतो. शिवाय थंडीत सुरळीत चाललेली वाढीव सेटिंग मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेल्यावर दगा देऊ शकते, कारण उष्णतेने मेमरीच्या चुका वाढतात. खेळ किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी जरूर चालू करावे, पण एकाच जोडीने विकलेल्या दोन पट्ट्या घेऊन. पट्टी घेताना आपल्या बोर्डची जात पाहावी; डी.डी.आर.-3, 4 आणि 5 यांच्या खाचा वेगवेगळ्या असतात, जोर लावून बसवू नये. जुन्या डी.डी.आर.-3 च्या काही स्वस्त पट्ट्या फक्त ए.एम.डी. च्या यंत्रातच चालतात, हेही विचारून घ्यावे. 2025 च्या अखेरीस मेमरीच्या किमती जगभर झपाट्याने वाढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे चिप्स जाऊ लागल्या. चांगली पट्टी बिघडलेली समजून फेकणे तेव्हापासून अधिकच महाग पडते.

पट्टीबद्दल शंका राहिलीच तर ‘मेमटेस्ट’ नावाचा मोफत प्रोग्राम पेन ड्राईव्हवर घेऊन रात्रभर चालवावा. सकाळी पडद्यावर एकही लाल ओळ दिसली नाही तर पट्टी चांगली आहे. एक जरी दिसली तरी आधी वाढीव सेटिंग काढून तीच चाचणी पुन्हा करावी, आणि त्यानंतरही ओळ आली तरच पट्टी बदलण्यासाठी दुकानात न्यावी. बऱ्याच कंपन्या मेमरीला अनेक वर्षांची हमी देतात; त्यासाठी बिल आणि पट्टीवरचा चिकटवलेला कागद दोन्ही जपून ठेवावे.